सहा-वीसवरून पाच-चाळीस: सरावाचा परिणाम तपासायचा कसा?

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे, 'व्यायाम आणि क्रीडाशास्त्रातील संशोधनाचा आराखडा'. पण आम्ही सुरुवात रस्त्यापासून करणार आहोत. भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीच्या दिशेनं पहाटे पाचला निघालात, तर हायवेच्या कडेनं पोरं-पोरी धावताना दिसतात. तुमसरला, पवनीला, मोहाडीलाही तेच. यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑलिम्पिक नसतं, पोलीस भरती असते. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याचे २० गुण. उरलेले ३० गुण १०० मीटर धावणं आणि गोळाफेक यांचे. गुण वेळेच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात, त्यामुळे टप्प्याच्या काठावर असलेल्या मुलाचे गुण एका सेकंदानेही जातात. त्या एका सेकंदासाठी घरचे दोन-दोन वर्षं थांबलेले असतात.

मग साहजिकच जो तो आपला सराव उत्तम असल्याचं सांगतो. दरवर्षी कोणी ना कोणी प्रशिक्षक वही घेऊन आमच्याकडे येतात. आकडे हिशेबासाठी धरू या. "सर, २४ पोरं होती. मे महिन्यात १६०० मीटरची सरासरी सहा मिनिटं वीस सेकंद. आठ आठवडे इंटर्व्हलचा सराव दिला. आता सरासरी पाच-चाळीस. सिद्ध झालं की नाही?" आमचं उत्तर ठरलेलं असतं: वही फार चांगली ठेवलीय, पण सिद्ध काही झालेलं नाही. यावर माणूस दुखावतो. घड्याळ तर खोटं बोलत नाही ना, असं म्हणतो. बरोबर आहे. घड्याळ खोटं बोलत नाही. पण घड्याळ फक्त वेळ सांगतं, कारण सांगत नाही.

हे ४० सेकंद कुठून कुठून आले असतील, ते बघू.

पहिलं, हवा. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पहाटही गार नसते. जुलैच्या मध्यावर पाऊस पडून गेलेला असतो. तोच मुलगा काहीही सराव न करता जुलैत वेगानं धावेल.

दुसरं, सवय. पहिल्यांदा १६०० मीटर धावणारा मुलगा पहिली फेरी जीव तोडून पळतो आणि तिसऱ्या फेरीत चालायला लागतो. दोन-तीन चाचण्यांनंतर त्याला वेग वाटून घेणं जमतं. त्याची छाती तीच असते, अंदाज सुधारलेला असतो. म्हणून खऱ्या मोजणीआधी एक-दोन सरावचाचण्या घ्याव्यात आणि त्यांचे आकडे बाजूला ठेवावेत.

तिसरं जरा चकवणारं आहे. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवशी सगळ्यांना धावायला लावतात आणि ज्यांची वेळ वाईट आली त्यांची खास बॅच करतात. आता त्या दिवशी वेळ वाईट कोणाची आली? काही खरोखर कच्चे होते. काही असे, की रात्री झोप झाली नव्हती, ताप नुकता उतरला होता, किंवा लाखांदूरहून पहिल्या एसटीनं उपाशी आले होते. पुढच्या वेळी हे दुसरे आपोआप सुधारणार. बॅचची सरासरी सुधारते आणि श्रेय सरावाला जातं. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ साली आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांत हीच गोष्ट दाखवली होती: टोकाला असलेल्यांची पुढची नोंद सरासरीकडे ओढली जाते. आम्ही तिला 'सरासरीची ओढ' म्हणतो. ही ओढ कोणाच्या मेहनतीनं येत नाही, निवडीच्या पद्धतीतून येते.

चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्याची, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. मेमध्ये २४ नावं होती. जुलैत किती? वही नीट पाहिली तर १५. बाकीचे नऊ कुठे गेले? रोवणीला. जुलै लागला, पाऊस झाला, परे तयार झाले की ज्याच्या घरी दीड-दोन एकर धान आहे आणि मजूर लावायला पैसे नाहीत, तो मुलगा मैदानावर येऊच शकत नाही. कोणी दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला जातं. मैदानावर कोण उरतं? ज्याचं काम घरी दुसरं कोणी करू शकतं तो. साधारणपणे बरं खाणारा, पुरेसं झोपणारा, बऱ्या बुटांतला. म्हणजे आपण मेमधल्या २४ जणांची सरासरी घेतली आणि तिची तुलना जुलैमधल्या निवडक १५ जणांशी केली. या १५ जणांची मेमधली वेळ वेगळी काढली, तर कदाचित तीच पाच-पन्नास निघेल.

म्हणून नियम असा: ज्याचं नाव एकदा यादीत आलं, त्याचा हिशेब शेवटपर्यंत द्यायचा. तो सरावाला आला नाही तरी शेवटच्या चाचणीला बोलवायचा, जमल्यास त्याच्या गावी जाऊन चाचणी घ्यायची आणि त्याला त्याच्या मूळ गटातच मोजायचं. नाहीच सापडला, तर 'नऊ जण सुटले, या या कारणांनी' असं लिहायचं. परदेशी पाठ्यपुस्तकात याला एक भारदस्त नाव आहे. आमच्या मते आपल्याकडे हा 'रोवणीचा नियम' म्हणून शिकवावा. लक्षात राहील.

आणि एक. रोवणीला गेलेला मुलगा घरी बसलेला नसतो. तो दिवसभर चिखलात, कमरेत वाकून काम करतो. परदेशी शोधनिबंधात 'व्यायाम न करणारा गट' म्हणजे बहुधा खुर्चीत बसणारे लोक. इथं तसा गट मिळणारच नाही. तेव्हा अंगमेहनतीची रोजची नोंद ठेवली नाही, तर अर्धा व्यायाम आपल्या कागदावर येतच नाही.

या चारही गोष्टींवर एकच मोठा उपाय आहे, तो म्हणजे तुलनेचा गट. हवा दोघांना तीच, सवय दोघांना तीच, ओढ दोघांना तीच. गट पाडायचे मात्र चिठ्ठ्या टाकून. इथं प्रशिक्षक हमखास म्हणतात, "चिठ्ठ्या कशाला? मी पोरांना ओळखतो, सारखे गट पाडून देतो." नेमकी हीच अडचण आहे. तुम्ही ओळखता, म्हणून तुमचा हात चांगल्या मुलाला नव्या सरावाकडे ढकलतो. मुद्दाम नाही, नकळत. पहिल्या चाचणीच्या वेळेनुसार मुलांच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीत नाणं उडवा, पण नाणं उडवणारी व्यक्ती मैदानाबाहेरची असू द्या. ग्रंथपाल, क्लार्क, कोणीही चालेल.

घड्याळ धरणाऱ्यालाही कोण कोणत्या गटातला हे माहीत नसावं. १०० मीटरला तर हाताच्या घड्याळाची वेळ विजेच्या यंत्रापेक्षा कमीच येते. ॲथलेटिक्समध्ये त्यासाठी ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत होती. एका गटाची पहिली चाचणी हातानं आणि दुसरी चिपनं घेतली, तर सराव बिचारा नाहक बदनाम होईल.

धावणाऱ्यापासून मात्र त्याचा सराव लपवता येत नाही. गोळी लपवता येते, धावणं कसं लपवणार? आपल्या शास्त्राची ही कायमची दुखरी जागा आहे. १९७२ साली एरियल आणि सॅव्हिल या दोघांनी वजन उचलणाऱ्या मोजक्या खेळाडूंना स्टेरॉइड म्हणून नुसत्या पोकळ गोळ्या दिल्या, तरी त्यांनी उचललेलं वजन आधीपेक्षा झपाट्यानं वाढलं. भरवशातही ताकद असते. म्हणून जुन्या सरावाच्या गटालाही तितकंच लक्ष, तितकेच दिवस आणि तितकीच शाबासकी द्यायची.

मग मुलं किती घ्यायची? हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, तो पहिला असायला हवा. समजा, सरावानंतर मुलांमध्ये होणाऱ्या बदलाचं प्रमाण विचलन २० सेकंद आहे. आणि नव्या सरावाचा खरा फायदा जुन्यापेक्षा २० सेकंदांचा आहे. तर प्रत्येक गटात १६ मुलं साधारण पुरतात. फायदा १० सेकंदांचा असेल तर ६४ लागतात. पाचच सेकंदांचा असेल तर २५६! फरक निम्मा झाला की मुलं चौपट. हा ढोबळ हिशेब आहे, पाचपैकी चार वेळा फरक हाती लागावा इतपत. दहा-दहा मुलांवर पाच सेकंदांचा फरक शोधणं म्हणजे रात्री तलावात सुई शोधणं. आणि कोणता फरक शोधतोय, हे आधी लिहून ठेवायचं. २००७ पासून आपल्या देशात यासाठी सीटीआरआय ही चाचण्यांची नोंदवही आहे, तिथं नोंदणीला पैसे लागत नाहीत. आधी लिहिलं नाही तर माणूस दहा गोष्टी मोजतो आणि जी जमली तीच छापतो.

आपल्या मातीत याची परंपरा नाही असं कोणी समजू नये. कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. नौली करताना पोटातल्या दाबाचं काय होतं, हे त्यांनी दाबमापक लावून, एक्स-रे काढून पाहिलं. प्राणायामात पुष्कळ जास्त ऑक्सिजन आत जातो, असं तेव्हा भक्तीनं सांगत. त्यांनी ते मोजलं, आणि तो समज टिकला नाही. तरी त्यांनी ते छापलं. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाचा हा प्रामाणिकपणा आम्हाला त्यांच्या यंत्रांपेक्षा मोठा वाटतो.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हा विषय भंडाऱ्यात घेतला, तिकडे येतो. आतापर्यंत आपण सेकंदांबद्दल बोललो. काही वेळा मैदानावर जीव जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांची भरती होती, एका तासात १० किलोमीटर धावायचं होतं. त्या भरतीत दहाहून अधिक उमेदवार गेले. आपल्या महाराष्ट्रातही भरतीत मुलं कोसळल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. अशी बातमी आली की प्रत्येक जण कारण सांगतो: ऊन, उपाशी पोट, उत्तेजक गोळ्या. विदर्भात आणखी एक कारण सांगतात, सिकलसेल.

सिकलसेल आपल्याला नवा नाही. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. 'एसएस पॅटर्न' म्हणजे रुग्ण, 'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक. वाहक बहुधा ठणठणीत असतो, आपण वाहक आहोत हे त्याला माहीतही नसतं. प्रश्न असा, की या ठणठणीत वाहकाला जोरात धावणं धोक्याचं आहे का?

यावर दोन मोठे अभ्यास आहेत, दोन्ही अमेरिकी सैन्यातले. पहिला १९८७ चा. १९७७ ते १९८१ या काळात भरती झालेल्या सुमारे २० लाख जवानांचा. कृष्णवर्णीय वाहकांमध्ये कारण न सापडलेले अचानक मृत्यू लाखामागे ३२.२, कृष्णवर्णीय पण वाहक नसलेल्यांत लाखामागे १.२. म्हणजे जवळजवळ २८ पट! हा आकडा जगभर गाजला. '२८ पट' ऐकून छातीत धस्स होतं. पण तोच आकडा उलटा वाचा: तीन हजारांहून जास्त वाहकांमागे एक मृत्यू. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकच सांगितलं तर फसवणूक होते, मग ती कोणत्याही बाजूनं असो.

दुसरा अभ्यास २०१६ चा. २०११ ते २०१४ या काळातले ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिक, प्रत्येकाची सिकलसेल तपासणी झालेली. वाहक आणि इतर यांच्या मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर ०.९९ आलं. म्हणजे फरक नाही? थांबा. त्या आकड्याभोवतीची शक्यतेची पट्टी ०.४६ ते २.१३ अशी होती. धोका निम्मा असू शकतो, दुप्पटही असू शकतो. २८ पट मात्र नक्की नाही. आणि रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे अतिश्रमानं स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरणं, ज्यात लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं, त्याचा धोका वाहकांत ५४ टक्के जास्त होता. गंमत म्हणजे तंबाखू वापरणाऱ्यांतही तो नेमका तितकाच जास्त निघाला. भरतीचा सराव संपवून टपरीवर खर्रा घोटून घेणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा ऐकावी.

दोन अभ्यास, दोन उत्तरं. मग चूक कोणाची? आमचं मत असं, की दोघांचे प्रश्नच वेगळे होते. पहिल्यात कोवळे, नुकतेच दाखल झालेले रंगरूट होते. दुसऱ्यात सेवेत असलेले सैनिक होते, आणि मधल्या काळात सैन्यानं उन्हाच्या मानानं पाणी, विश्रांती आणि सराव हळूहळू वाढवण्याचे नियम सगळ्यांनाच लावले होते. त्या नियमांमुळेच मृत्यू कमी झाले, असं दुसरा अभ्यास सिद्ध करत नाही, कारण नियमांशिवायचा गट त्यात नव्हता. पण अंदाज बांधायला जागा आहे. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये असंच म्हटलं होतं: खेळायला देण्यापूर्वी सिकलसेल तपासणीची सक्ती नको, काळजी सगळ्यांची सारखी घ्या.

आपल्या मुलांना यातलं काय लागू होतं? थोडंच. आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी वेगळी, रक्तक्षय वेगळा, ऊन वेगळं आणि रस्त्याच्या कडेला डॉक्टर नाही. अभ्यास इथंच व्हायला हवा.

पण कसा? वाहक कोण असावं हे चिठ्ठी टाकून ठरवता येत नाही, ते आई-बापांकडून आलेलं असतं. म्हणजे आधी मुलांची नोंद करायची, मग वर्षभर त्यांच्या मागावर राहायचं. मृत्यू मोजायचे? हिशेब करा. समजा हजार मुलं घेतली आणि दहांत एक वाहक धरला, तर १०० वाहक झाले. लाखामागे ३२ हा जुना, वाईट आकडा धरला तरी १०० जणांत मृत्यू येतो ०.०३. म्हणजे एकही नाही. वर्षअखेर आपण 'धोका नाही' असं छापू आणि ते साफ खोटं असेल. तेव्हा मोजायचं ते मृत्यूच्या अलीकडचं: सराव अर्ध्यावर सोडणं, चक्कर, पायात न सुटणारे गोळे, काळसर लघवी, आणि जमलं तर ठरावीक सरावानंतर रक्तातलं क्रिएटिन कायनेज. सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतेच.

आणि तपासणीचा कागद प्रशिक्षकाच्या हाती पडता कामा नये. आम्ही हे फार आग्रहानं सांगतो. आपल्याकडे 'एएस' हे दोन अक्षरांचं लेबल लग्नाच्या बोलणीपर्यंत जातं. 'तू राहू दे, तुला झेपणार नाही' असं एकदा मैदानावर म्हटलं गेलं, की त्या पोराची भरती तिथंच संपली. निकाल मुलाला आणि समुपदेशकालाच द्यायचा. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे.

हे सांगून झाल्यावर श्रोत्यांमधून एका शिक्षिकेनं विचारलेला प्रश्न इथं देतो. त्या म्हणाल्या, "सर, काळजी घेण्याची पद्धत तपासायची म्हटलं तर एका गटाला पाणी-विश्रांती द्यायची आणि दुसऱ्याला नाही, असं करायचं का? माझ्या पोरींना मी काय सांगू? भरती तर याच वर्षी आहे."

मॅडम, पाण्याची चिठ्ठी टाकायचीच नाही. ज्याचा उपयोग आपल्याला आधीच माहीत आहे, ते सगळ्यांना पहिल्या दिवसापासून मिळालं पाहिजे. चिठ्ठी तिथंच, जिथं आपल्याला खरोखर उत्तर माहीत नाही. माहीत काय नाही? प्रशिक्षकांना दोन दिवसांचं नीट प्रशिक्षण दिलं, कोसळण्याआधीची लक्षणं ओळखायला शिकवलं, तर मुलं कमी कोसळतात का, की भिंतीवर एक तक्ता लावला तरी तितकंच होतं? हे माहीत नाही. तेव्हा तक्ता सगळ्या अकादम्यांना आजच द्या. प्रशिक्षणही सगळ्यांना मिळणारच, पण सातही तालुक्यांत एकाच महिन्यात देता येणार नाही, तेवढे हात नाहीत. मग कोणाचा नंबर आधी आणि कोणाचा नंतर, हे चिठ्ठीनं ठरवा. चिठ्ठी अकादमीच्या नावाची, मुलीच्या नावाची नाही, कारण एका मैदानावरच्या मुली एकमेकींचं बघूनच धावतात. ज्यांचा नंबर अजून लागलेला नाही, त्याच त्या महिन्यांपुरता आपला तुलनेचा गट.

पोरींना एवढंच सांगा: आम्ही लिहून घेणार आहोत, कधी कधी रक्त घेऊ, तुमचं नाव कुठं येणार नाही. एखादी नाही म्हणाली तर तिचं नाव यादीतून काढा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला नेहमीसारखंच धावायला बोलवा.